एकोणचाळीस शून्यं

नारीनला फेब्रुवारीत हवा इतकी कोरडी
की नववीचा वर्ग स्वेटर काढतो तेव्हा तडतड ऐकू येते.
मी पडदे ओढून दाखवते:
बेगाइमच्या बाहीत निळ्या ठिणग्या,
मागच्या बाकावर हशा.

मग कंगवा. बाजारातला, प्लास्टिकचा,
दोन दात पडलेला.
केसांतून पाच-सहा वेळा फिरवायचा
आणि वहीच्या कपट्यांवर धरायचा.
कपटे उठतात, उडी मारतात, लोंबकळत राहतात.

बघा, मी म्हणते, खाली ओढायला कोण आहे?
अख्खी पृथ्वी.
हे डोंगर, बर्फाखालची नदी,
चीनकडे जाणारा रस्ता, पलीकडचे समुद्र,
पोटातलं सगळं लोखंड.
आणि वर ओढायला हा बोळका कंगवा.
जिंकलं कोण?

दोन्ही सूत्रं मी शेजारी शेजारी लिहिते.
जुळ्या बहिणीच:
दोघींच्या खाली अंतराचा वर्ग,
दोघींच्या वर एक गुणाकार.
एकीकडे वस्तुमान, दुसरीकडे विद्युतभार,
स्थिरांक मात्र जिचा तिचा.

तेमिर्लान विचारतो, फरक किती, एजे?
हायड्रोजनचा अणू घे. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन.
आता दोन लिही आणि पुढे शून्यं देत जा.
एकोणचाळीस.
अकराव्या शून्याला तो हसतो,
विसाव्याला हसायचा थांबतो,
तिसाव्याला खडू मोडतो.
फळा संपतो, भिंत संपते,
शेवटची चार दाराच्या चौकटीवर येतात.
शून्याला किंमत नसते म्हणणाऱ्यांनी
त्याला उजवीकडे उभं राहिलेलं पाहिलेलं नसतं.

मग आपल्याला धरून कंगवा का ठेवत नाही?
हा प्रश्न बेगाइमचा. मी त्याचीच वाट बघत होते.

विजेच्या वहीत दोन रकाने, धन आणि ऋण.
तुझ्यात दोन्ही काठोकाठ,
पण दमडीदमडीची फिटाफिट झालेली;
बाहेरून बघणाऱ्याला खातं रिकामंच दिसतं.
वस्तुमानाच्या वहीत एकच रकाना, नुसती जमा.
तिथे फेडणं नाही, वजाबाकी नाही.
म्हणून ही दुबळी ओढ कणाकणानं साठते
आणि चंद्र फिरवते.

इतक्यात कोळशाची बादली घेऊन ओस्मोन आके आत आले.
दारापाशी बराच वेळ उभे असावेत.
म्हणाले, त्या दुबळीनंच मला घोड्यावरून पाडलं.

वर्ग गप्प. त्यांचा पाय सगळ्यांना माहीत आहे.

पाडलं तिनं, मी म्हटलं.
पण आके, पडताना काही दुखलं का?
त्यांनी आठवून पाहिलं.
नाही. टोपी उडाली, एवढंच.
मोडलं ते जमीन आडवी आली तेव्हा.
जमिनीतले इलेक्ट्रॉन, तुमच्या मांडीतले इलेक्ट्रॉन,
एकमेकांना म्हणाले, इथून पुढे नाही.
(यात आणखी एक नियम आहे, तो अकरावीत.)

म्हणजे ओढणारी निर्दोष,
आणि थांबवणारीनं मोडलं?
त्यांनी बादली खाली ठेवली.
मग सांधलं कुणी?

याची तयारी मी केली नव्हती.
चुन्याला चुना, धाग्याला धागा,
हाडाला हाड धरून ठेवणारं
मनातल्या मनात शोधत गेले आणि म्हटलं,
तिनंच.

वाकडं सांधलंय, ते म्हणाले. तिला सांगा.

शेगडीत कोळसा टाकून परत जाताना
त्यांनी बाहीनं चौकट पुसली,
परवाच रंग दिलाय म्हणाले.
चार शून्यं गेली.
जुळ्या बहिणींतलं अंतर दहा हजार पटींनी घटलं
आणि वर्गात कुणीच हरकत घेतली नाही.

मग व्हरांड्यातून त्यांची पावलं,
एक जड, एक हलकं,
आणि प्रत्येकाखाली
फळी त्यांना वर धरत होती.